खांबाच्या अलीकडची दोन पावले

खो-खो न खेळलेल्या माणसाला हा निव्वळ धावण्याचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात आक्रमण करणाऱ्या संघातील नऊपैकी आठ जणी कोणत्याही क्षणी चौकोनात बसलेल्या असतात आणि एकटीच धावत असते. पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ हा शब्द पडेपर्यंत बसलेलीला उठता येत नाही, उठली तर फाउल होतो. आणि उठल्यावर एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. नऊ मिनिटांच्या डावात एखादीच्या वाट्याला प्रत्यक्ष धावणे येते ते काही सेकंदांचे तुकडे जोडून. उरलेला सगळा वेळ ती पायांवर बसून वाट पाहत असते. मी अकरा वर्षे हा खेळ खेळले आणि आता त्याहून अधिक वर्षे मुलींना शिकवते आहे. या सगळ्या काळात मला एक गोष्ट पक्की कळली आहे की, खेळाडूच्या मनातील भीती धावण्यात फारशी नसते. ती त्या बसण्यात असते, म्हणून मनाला शिस्त लावायची तर तिथेच लावावी लागते.

माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. वडील चादरीच्या कारखान्यात माग चालवत. शाळेच्या मैदानावर हिवाळ्यातही धूळ असे आणि मार्चनंतर सकाळी नऊ वाजले की जमिनीला हात लावणे कठीण होई. अशा मैदानावर मी आठवीत असताना खांबावर सूर मारताना माझा अंदाज अर्ध्या हाताने चुकला. ज्यांनी हा सूर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: संरक्षण करणारी मुलगी खांबाला वळसा घालून निसटू लागली की आक्रमक मुलगी धावत्या वेगातच एका हाताने खांब पकडते, सगळे शरीर जमिनीसरसे बाहेर झोकून देते आणि दुसऱ्या हाताने तिला स्पर्श करते. खांब लाकडी असतो, १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीचा असतो आणि जमिनीत पक्का रोवलेला असतो. माझा हात खांबाला लागण्याऐवजी खांदा लागला. हासळीचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात गळ्यात बांधून बसावे लागले.

हाड जुळले. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आणि मी मैदानावर परतले. धावणे पूर्वीसारखे होते, खो देणे बिनचूक होते, हुलकावणी ओळखण्याची नजरही शाबूत होती. माझे काही बिघडले आहे, असे मला स्वतःला वाटत नव्हते. पुढच्या वर्षी एका जिल्हास्तरीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावाचे एखादे मिनिट उरले असताना आम्हाला बरोबरीसाठी एक गडी हवा होता. समोरची मुलगी दमली होती आणि खांबाकडेच वळली. मला खो मिळाला. मी उठले, दिशा घेतली, तिच्या आणि माझ्यामध्ये एका सुराचे अंतर होते, आणि माझा उजवा पाय थांबला. मी थांबवला नव्हता. तो आपोआप जमिनीत रुतल्यासारखा झाला, मी खांबाला हात लावून उभ्यानेच वळले आणि तोवर ती दोन चौकोन पुढे निघून गेली होती. आम्ही एका गुणाने हरलो.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी मला एकच वाक्य सांगितले, ‘घाबरायचं नाही.’ ते प्रेमानेच सांगत होते, पण आज प्रशिक्षक म्हणून मी हे वाक्य मैदानावर उच्चारत नाही. भीती ही काही आपण ठरवून आणलेली वस्तू नसते की ठरवून टाकून देता येईल. ‘घाबरू नकोस’ म्हटल्यावर मुलगी आपल्या आत भीती आहे का ते तपासू लागते, आणि तपासायला गेल्यावर ती हमखास सापडते. मग खेळाबरोबर तिच्यावर आणखी एक काम पडते, ते म्हणजे घाबरलेली न दिसण्याचे.

आमचे सर दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खांबाजवळ नेले आणि चालत चालत खांबापर्यंत यायला सांगितले. असे पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी काडीने जमिनीवर एक रेघ ओढली. “इथपर्यंत तुझं पाऊल मोकळं पडतंय, बघ की. इथून पुढं आखडतंय,” ते म्हणाले. “तुला खांबाची भीती नाही गं. खांबाच्या अलीकडच्या दोन पावलांची आहे.”

सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद मैदानातून माझी अडचण दोन पावलांवर आली होती. मी रेघेकडे पाहत राहिले आणि मला पहिल्यांदाच वाटले की एवढ्याशा जागेत काहीतरी करता येईल. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य घेऊन कोणालाही सराव करता येत नाही. ‘या रेघेनंतर माझे पाऊल आखडते’ हे वाक्य घेऊन मात्र करता येतो.

मे महिन्याची सुट्टी लागली. सकाळी सहाला मैदानावर जायचे आणि ऊन चढण्याआधी परतायचे, असा क्रम ठरला. खांबाभोवती वाळू टाकली. पहिले आठ दिवस मी धावलेच नाही. खांबाजवळ गुडघ्यांवर बसून हात टाकायचा, खांब पकडायचा आणि वाळूत अंग झोकायचे, एवढेच. नंतर उभ्याने, मग एका पावलावरून, मग दोन. दोन पावलांशी आल्यावर पाय पुन्हा आखडू लागला, तेव्हा सरांनी मला एक पाऊल मागे पाठवले आणि तिथे आणखी चार दिवस ठेवले. मला अपमान वाटला होता. भीतीच्या बाबतीत मागे जाणे म्हणजे हरणे, असे वय होते ते. आता कळते की शरीराला सुरक्षित अनुभव पुरेसा मिळाल्याशिवाय ते पुढच्या पायरीवर विश्वास ठेवत नाही, आणि हा विश्वास बोलून मिळत नाही, मोजूनच मिळतो.

मोजण्यासाठी सरांनी शंभर पानी वही आणायला लावली. तिच्यात गडी बाद झाला की नाही, हे लिहायचे नव्हते. फक्त दोन रकाने होते: किती सूर मारले आणि त्यांपैकी किती वेळा पाऊल थांबले नाही. वहीतली पहिली नोंद आहे, वीस आणि तीन. ती वही अजून माझ्याकडे आहे. पानांच्या कडा घामाने पिवळ्या पडल्या आहेत आणि मधल्या एका पानावर फक्त ‘आज नाही’ असे लिहिलेले आहे. त्या दिवसाचे मला काहीच आठवत नाही. पण ते पान मी फाडले नाही, याचे समाधान वाटते.

दुसरी गोष्ट धाग्याची. धावताना माझी नजर अख्ख्या खांबावर जाई आणि खांब जवळ येताना मोठा होत असल्यासारखा वाटे. वडिलांनी कारखान्यातून चादरीचा लाल धागा आणला होता. सरांनी हात जिथे पडायला हवा तिथे, खांबाच्या खालच्या भागात, तो दोन वेढे देऊन बांधला आणि सांगितले की खांब पाहायचाच नाही, धागा पाहायचा. वडिलांना यात नवल वाटले नाही. मागावर हजारो धागे असतात, पण तुटलेला धागा जोडताना विणकर तेवढाच धागा पाहतो. सगळा ताणा पाहू लागला तर हात थरथरतो, असे ते म्हणाले. पंधरा दिवसांनी सरांनी मला न सांगता तो धागा काढून टाकला. मला ते त्या सकाळच्या सरावानंतर कळले, कारण सराव संपेपर्यंत माझी नजर नेमकी त्याच जागी पडत होती.

तिसरी गोष्ट श्वासाची होती, आणि तिच्यामागचे शास्त्र मला पुष्कळ नंतर समजले. धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदय जोरात धडधडते, श्वास उथळ आणि भरभर होतो, स्नायू ताठरतात. ही यंत्रणा आपल्याला वाचवण्यासाठी आहे. ती दुबळेपणाची खूण नाही. मात्र यातील हृदयाचे ठोके आपण थेट कमी करू शकत नाही. श्वास तेवढा आपल्या ताब्यात असतो. आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की हृदयावरचा ताण सैल होऊ लागतो. सरांना हे शब्द माहीत नसतील, पण चौकोनात बसल्यावर ‘घ्यायचा तीन आकड्यांत, सोडायचा सहात’ हा त्यांचा नियम होता. मी सांगितलेली ती बसण्यातली भीती याच आकड्यांनी आटोक्यात येत गेली. खो कधी येईल, समोरची कुठे वळेल, मी चुकले तर काय होईल, हे प्रश्न मनात यायचेच. पण मनाला सहापर्यंत मोजायचे काम दिलेले असल्यामुळे प्रश्नांना बसायला जागा कमी पडे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा मी मुद्दाम मुलींना ती अंतिम फेरी पुन्हा दाखवली. नेमबाजी आणि खो-खो यांच्यात वरवर काहीच साम्य नाही. पण गुडघ्यावर बसून आणि पोटावर झोपून नेम धरण्याच्या टप्प्यांत मागे असलेला हा मुलगा उभ्याने नेम धरण्याच्या शेवटच्या टप्प्यात वर सरकत तिसरा आला, ४५१.४ गुणांनी. एकेक स्पर्धक बाद होत असताना प्रत्येक गोळीपूर्वी त्याचा क्रम तोच होता. रायफल खांद्याला, गाल टेकलेला, श्वास, मग थांबणे. मुलींनी पदक पाहिले. मी त्यांना दोन गोळ्यांमधली वाट पाहणे पाहायला सांगितले.

उणीव आणि भीती यांची आपण फार गल्लत करतो, असे मला वाटते. माझी उंची कमी आहे आणि हातही आखूड आहेत. सूर मारल्यावर आमच्या संघातील उंच मुलीचा हात जिथे पोहोचे, त्याच्या वीतभर अलीकडे माझा थांबे. ही उणीव होती, ती टेपने मोजता येत होती आणि ती कितीही मनोबलाने जाणार नव्हती. त्यावर उपाय होता तो अर्धे पाऊल आधी उडण्याचा. पण पाय थांबल्यामुळे माझ्या हातून जे अंतर जात होते ते वीतभर नव्हते, पुरते दोन-अडीच हात होते. आणि इतके दिवस मी त्याचे खापर उंचीवर फोडत आले होते. मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवते. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले. मुष्टियुद्ध गेले, हे त्यांनी मान्य केले असणार. पाणी मात्र उरले होते, आणि ते त्यांनी सोडले नाही. काय गेले आणि काय उरले, याचा इतका निर्मळ हिशेब करायला जी शिस्त लागते, ती मला कोणत्याही जिद्दीपेक्षा मोठी वाटते.

याच कारणासाठी मला ‘दुखलं तरी खेळायचं’ या शिकवणीची चीड आहे. आपल्याकडे मैदानावर ती अजूनही अभिमानाने दिली जाते. भीती कधी कधी खरे बोलते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत असताना आपले शरीर कुठे आहे याचेच भान सुटू लागले, तेव्हा ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. तशा अवस्थेत उडी मारणे म्हणजे मानेवर पडण्याची जोखीम होती. काही दिवसांनी ती बीमवर, म्हणजे अरुंद पट्टीवर तोल सांभाळण्याच्या प्रकारात, परतली आणि कांस्यपदक घेतले, आणि २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके जिंकली. माझे हाड जुळण्याआधी मी खांबावर सूर मारला असता तर त्याला धैर्य म्हणता आले नसते. हाड जुळल्यानंतरही पाय थांबत होता, ती भीती मात्र जुनी बातमी सांगत होती. या दोन भीतींमधला फरक ओळखायला शिकवणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम आहे, आणि तो ओळखण्यासाठी मुलीला ‘सर, मला भीती वाटते’ असे न लाजता म्हणता आले पाहिजे. आमच्या सरांपाशी ते म्हणता येत असे.

सोलापुरात मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. आमच्या गल्लीतले एक काका ते पेलणाऱ्यांपैकी होते. पांढरी बाराबंदी घातलेल्या माणसाने तो उंच, जड ध्वज कमरेशी तोलून गर्दीतून चालताना पाहिले की लहानपणी माझाच श्वास अडके. एकदा मी त्यांना विचारले होते, “काका, पडेल असं वाटत नाही का?” ते म्हणाले, “वाटतं की. दरवर्षी वाटतं. म्हणून तर महिना-महिना आधीपासून सराव करायचा.” त्या वयात मला हे उत्तर अपुरे वाटले होते, कारण मला ‘सिद्धेश्वरांची कृपा’ असे काहीतरी ऐकायचे होते. माझ्या लाल धाग्याच्या उन्हाळ्यानंतर मी यात्रेत त्यांच्याकडे पाहिले तेव्हा माझी नजर ध्वजाच्या टोकाकडे न जाता त्यांच्या पावलांकडे गेली. ती एकसारखी पडत होती.

पुढच्या हंगामात सामन्यातला माझा पहिला सूर वाया गेला. मी खो घेतला, दिशा घेतली, रेघ जिथे असायची ती जागा ओलांडली, हात खांबावर नेमका पडला, अंग झोकले, आणि समोरची मुलगी माझ्या बोटांच्या चार अंगुळे पुढून निघून गेली. कोपर सोलवटले. चौकोनात परत बसताना मला हसू आवरत नव्हते आणि शेजारची मैत्रीण, गडी सुटल्यावर ही हसते कशाला म्हणून, माझ्याकडे बघत होती. त्या रात्री माळवदावर अंथरुणात बसून वहीत लिहिले, ‘एक. थांबले नाही.’ खांबात गडी बाद करायला मला त्यानंतर आणखी तीन सामने लागले.

मागच्या वर्षी, २०२५च्या जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली असतानाच दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि १९ तारखेला भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. सरावाला येणाऱ्या मुली एका मोबाईलभोवती कोंडाळे करून तो सामना पाहत होत्या. मॅटवर मारलेले ते सूर पाहून सगळ्या ओरडत होत्या, तेव्हा एक मुलगी गप्प होती. ती तेरा वर्षांची आहे, वाऱ्यासारखी धावते, आणि दिवाळीच्या आधी खांबावर तिची हनुवटी फुटून चार टाके पडले होते. सामना संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मॅडम, त्यांच्या पायाला कसं कळत नाही?”

मला तिचा प्रश्न पूर्ण समजला. मी तिला सांगितले की त्यांच्या पायालाही कळत असणार, आणि कळूनही पडायचे कसे ते त्यांनी पायाला शिकवले असणार. आणि मग तिला मांडव्याच्या अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातला हा धावपटू तीन हजार मीटर स्टीपलचेस धावतो, आणि त्या शर्यतीत अठ्ठावीस वेळा अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी असते. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते आणि तो साध्या हर्डलसारखा धक्का लागला की पडत नाही. पडतो तो धावपटू. म्हणजे त्याचाही एक खांबच असतो, तोही एकदा सोडून पस्तीस वेळा, आणि त्याला त्याच्या अलीकडची पावले धावत्या वेगात जुळवावी लागतात. ८ मिनिटे ९.९१ सेकंद हा त्याचा राष्ट्रीय विक्रम त्या जुळवलेल्या पावलांचा आहे. तिने विचारले, “म्हणजे तो पावलं मोजतो?” मी म्हटले, “सरावात मोजतच असणार. तू पण मोजायची.”

दुसऱ्या दिवशी मी काडीने रेघ ओढली. ती तिच्यासाठी दोन पावलांवर नव्हती, तिसऱ्या पावलाच्या अर्ध्यावर होती. प्रत्येकीची रेघ निराळी असते. वाळू टाकली, गुडघ्यांपासून सुरुवात केली. मधे परीक्षा आल्या, एक आठवडा ताप आला आणि तेव्हा आम्ही दोन पायऱ्या मागे गेलो. लाल धागा आता बाजारातून आणावा लागतो, कारण वडिलांचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली. काल सकाळी सराव संपल्यावर तिने वही माझ्यासमोर धरली. सूर पंचवीस. त्यापुढे अकरा लिहून खोडले होते आणि बाजूला नऊ लिहिले होते. मी विचारले तेव्हा म्हणाली, दोनदा पाऊल थोडेसे थांबले होते, कोणाला दिसले नव्हते, पण तिला कळले होते.